यकृताच्या चित्रात तांबे दिसत नाही

"लिव्हर आकाराने किंचित मोठे. एकोजेनिसिटी वाढलेली. ग्रेड वन फॅटी लिव्हर. पित्ताशय, पाणथरी, दोन्ही मूत्रपिंडे नॉर्मल." हा सोनोग्राफीचा रिपोर्ट अंगाने किडकिडीत असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाचा आहे, असे समजू. मुलगा लवकर दमतो, जेवणावरून उठतो, म्हणून रक्त तपासले. एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम दुपटीने वाढलेले निघाले, म्हणून पोटाची सोनोग्राफी केली. रिपोर्ट वाचून घरचे निश्चिंत होतात. गाठ नाही, पोटात पाणी नाही, 'थोडी चरबी' आहे एवढेच. तळकट बंद करा, मैदानावर पाठवा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असे ठरते. त्या मुलाच्या यकृतात तांबे साठत असेल, तर हे सहा महिने आजाराच्या पदरात पडतात.

माझा वाद त्या रिपोर्टशी नाही. रेडिओलॉजिस्टने जे पाहिले ते चोख लिहिले आहे. वाद आहे तो त्या रिपोर्टचा जो अर्थ लावला जातो त्याच्याशी. यकृताचे चित्र काढले म्हणजे यकृत तपासले, आणि यंत्र जितके महाग तितके ते आतले अधिक सांगते, हा समज आता केवळ रुग्णांच्या नातेवाइकांपुरता उरलेला नाही. दवाखान्यातही तो चांगला मुरला आहे. विल्सन आजारात, म्हणजे तांबे शरीराबाहेर टाकता न येण्याच्या आनुवंशिक विकारात, हा समज मुलांच्या जिवावर बेततो. म्हणून त्याचे खंडन करायला हवे, आणि ते अर्धवट करून चालणार नाही.

आधी आजाराविषयी. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी १९१२ साली 'ब्रेन' या नियतकालिकात त्याचे सविस्तर वर्णन केले. एकाच घरातल्या भावंडांना गाठणारा, हातपाय थरथरवणारा, बोलणे आणि गिळणे अवघड करणारा हा मेंदूचा आजार. आणि शवविच्छेदनात हटकून सापडणारा यकृताचा सिरोसिस. या सिरोसिसने रुग्णाच्या हयातीत यकृताची लक्षणे दाखवलेली नसत, हेही विल्सन यांनी नोंदवून ठेवले. यकृत सडत असताना गप्प राहते, हा धडा या आजाराच्या पहिल्याच निबंधात आहे. पुढे १९४८ साली जॉन कमिंग्ज यांनी मेंदूत आणि यकृतात तांबे वाढलेले असते हे रासायनिक मोजणीने दाखवले. १९५२ मध्ये शाइनबर्ग आणि गिटलिन यांना या रुग्णांच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन कमी आढळले. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे औषध आणले आणि तोवर हमखास जीव घेणारा आजार आटोक्यात येऊ लागला. दोषी जनुक, एटीपी७बी, १९९३ साली सापडले. ते तेराव्या गुणसूत्रावर आहे.

या जनुकाचे प्रथिन यकृताच्या पेशीत दोन कामे करते. तांबे सेरुलोप्लाझ्मिनवर चढवून रक्तात पाठवते आणि उरलेले पित्तावाटे बाहेर काढते. आई आणि वडील या दोघांकडूनही जनुकाची सदोष प्रत आली, तर दोन्ही कामे बंद पडतात. अन्नातून येणारे तांबे यकृतात साचत जाते, पेशी मरतात, मग ते रक्तात सुटते आणि मेंदूत, डोळ्यांच्या पारपटलात, मूत्रपिंडांत जाऊन बसते. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत अजून आहे. नात्यातल्या अशा लग्नांत एकच सदोष प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, हे महाराष्ट्रातल्या डॉक्टराने विसरू नये.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो, कारण ते पोरकट नाही.

पहिले म्हणणे असे: लहान मुलाच्या यकृतात सुई घालून तुकडा काढणे हे क्रूर आहे. सिरोसिस असेल तर रक्त गोठण्याची शक्ती कमी झालेली असते, रक्तस्रावाचा धोका असतो. त्यापेक्षा वेदना न देणारी तपासणी का नको? दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या यकृतात लोह साठते, आणि ते किती साठले हे आज एमआरआयने आकड्यात सांगता येते. त्यासाठी सुई लागत नाही. लोहाचे जे झाले ते तांब्याचे का होऊ नये? दोन्ही धातूच. तिसरे म्हणणे सीटी स्कॅनचे: धातू जड असतो, क्ष-किरण अडवतो, तेव्हा तांब्याने भरलेले यकृत सीटीवर पांढरे दिसायला हवे. चौथे म्हणणे मेंदूच्या एमआरआयचा दाखला देते. तिथे विल्सनच्या रुग्णात मध्यमेंदूवर पांडाच्या तोंडासारखी आकृती दिसते, पाठ्यपुस्तकांत तिचे फोटो असतात. मेंदूत दिसते तर यकृतात का दिसणार नाही? आणि पाचवे, सर्वांत नवे: फायब्रोस्कॅन आहे की. पाच-दहा मिनिटांत यकृताचा कडकपणा आणि चरबी दोन्ही मोजून देतो.

यातले दुसरे म्हणणे साऱ्याचा कणा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

एमआरआय धातू पाहत नाही. तो शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा संकेत ऐकतो. धातू आजूबाजूच्या पाण्याचे वागणे किती बिघडवतो, यावरून त्याची चाहूल लागते. लोह हे काम जोरात करते. साठलेल्या लोहाच्या प्रत्येक अणूत पाच एकटे इलेक्ट्रॉन असतात, आणि फेरिटिनच्या एका गोळ्यात असे हजारो अणू दाटीने बसतात. त्यांच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र इतके वाकडे होते की पाण्याचा संकेत झपाट्याने विझतो आणि यकृत काळे दिसते. किती झपाट्याने विझला यावरून लोहाचे प्रमाण काढतात, आणि हे कोष्टक बायॉप्सीतल्या रासायनिक मोजणीशी ताडून तयार केलेले आहे. तांब्याची गोष्ट निराळी. यकृताच्या पेशीत साठलेले तांबे बहुतांशी मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनात गंधकाच्या अणूंना धरून बसलेले असते आणि ते ज्या विद्युतभार-अवस्थेत असते तीत त्याच्याकडे एकही एकटा इलेक्ट्रॉन नसतो. चुंबकाच्या दृष्टीने ते मुके असते. दुसऱ्या अवस्थेतल्या तांब्याकडे असा इलेक्ट्रॉन असतो, पण एकच, आणि तोही प्रथिनाच्या घडीत अडकलेला. लोहासारखे कोष्टक तांब्यासाठी अस्तित्वात नाही ते यामुळे. संशोधकांनी आळस केला म्हणून ते राहून गेलेले नाही.

कोणी म्हणेल, विल्सनच्या यकृतात एमआरआयवर उजळ किंवा काळपट गाठी दिसल्याची वर्णने छापून आलेली आहेत. आलेली आहेत, मी नाकारत नाही. पण त्या गाठी सिरोसिसच्या आहेत, आणि सिरोसिस मद्याने झाला काय, कावीळ-ब च्या विषाणूने झाला काय, गाठी त्यातही असतात. शिवाय काळेपणाचे आणखी एक कारण असू शकते. सेरुलोप्लाझ्मिनला लोह पेशीबाहेर काढण्याच्या कामातही भाग असतो. ते कमी पडले तर लोह अडकू शकते, आणि दीर्घ उपचारानंतर काही विल्सन रुग्णांच्या यकृतात लोह वाढलेले सापडले आहे. म्हणजे ज्याला आपण तांबे समजतो ते लोह असण्याचीच शक्यता मोठी. धातू दिसला म्हणून आनंद व्हावा आणि तो नेमका दुसराच धातू निघावा, अशा पुराव्यावर मुलाचे आयुष्यभराचे औषध ठरवता येत नाही.

सीटीचा मुद्दा आकड्यांनी निकाली निघतो. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. विल्सनसाठी वर्षानुवर्षे वापरलेली सीमा २५० ची. समजा एखाद्या रुग्णात ते १,००० आहे. प्रौढ यकृत साधारण दीड किलोचे, पाणी वजा जाता सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्या यकृतातले सगळे तांबे एकत्र केले तरी अर्धा ग्रॅम भरत नाही. उलट लोह साठण्याच्या गंभीर रुग्णात दर ग्रॅममागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरापट धातू असू शकतो आणि पूर्ण यकृताचे लोह सहा ग्रॅमच्या पुढे जाते. तेवढे लोह सीटीला कळते. अर्धा ग्रॅम तांबे दीड किलो मांसात पसरलेले असताना कळत नाही. त्यात विल्सनच्या यकृतात चरबी असते, आणि चरबी सीटीवर यकृताला गडद करते. तांब्याने जो काही तसूभर उजळपणा आणला असेल तो चरबी पुसून टाकते. परिणाम असा की तांब्याने जळत असलेले यकृत सीटीवर चारचौघांसारखे दिसते.

पांडाच्या आकृतीविषयी थोडक्यात. मेंदूत जे उजळते ते तांबे नव्हे. तांब्याने केलेली सूज, मृत पेशी, त्यांच्या जागी आलेला व्रण हे उजळते. यकृताचा आजार वाढून आतड्यातले रक्त यकृत टाळून पुढे जाऊ लागले की मेंदूच्या काही गाभ्यांत वेगळाच उजळपणा येतो, आणि त्याचे श्रेय मँगनीजकडे जाते. तेव्हा मेंदूचा दाखला समोरच्या बाजूला मदत करत नाही. तोही इजेचेच चित्र दाखवतो.

फायब्रोस्कॅनला मी मान देतो, पण तो काय मोजतो हे नीट सांगून. पोटावरून हलका धक्का देतात, त्याची लहर यकृतातून किती वेगाने गेली हे पाहतात. वेग जास्त म्हणजे यकृत कडक. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. कडकपणा तंतूंनी येतो, सुजेनेही येतो, पित्त तुंबले तरी येतो. एसजीपीटी भडकलेले असताना घेतलेला आकडा फुगलेला असू शकतो. तांबे या मोजणीत कुठेच नाही. ज्या यकृतात तांबे साठले आहे पण तंतू अजून आलेले नाहीत, म्हणजे ज्या मुलाला वाचवणे सर्वांत सोपे, त्याचा फायब्रोस्कॅन नॉर्मल येतो. त्या नॉर्मल आकड्याचे समाधान सर्वांत महाग पडते.

खरे नुकसान मात्र 'फॅटी लिव्हर' या दोन शब्दांनी होते, आणि याबद्दल मला सविस्तर बोलायचे आहे. विल्सनमध्ये तांबे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांना, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांना, इजा करते. चरबी जाळण्याचे काम मंदावते आणि ती पेशीत थेंबांच्या रूपात साठते. सूक्ष्मदर्शकाखाली हा तुकडा लठ्ठपणाच्या फॅटी लिव्हरशी इतका मिळताजुळता असतो की अनुभवी पॅथॉलॉजिस्टही फसतो. चरबीचे थेंब, केंद्रकांत ग्लायकोजेन, क्वचित मॅलरी पिंड, सगळे तसेच. तांबे दाखवणारा ऱ्होडानिनचा रंग वापरला तरी सुरुवातीच्या अवस्थेत तो कोरा जाऊ शकतो, कारण तेव्हा तांबे पेशीद्रवात पसरलेले असते आणि हा रंग दाण्यांच्या रूपात गोळा झालेले तांबेच पकडतो. म्हणून तुकड्याचे रासायनिक मोजमाप लागते. जिथे सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेला तुकडा दगा देतो, तिथे पोटावर जेली लावून फिरवलेल्या प्रोबने कारण सांगावे अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे. सोनोग्राफी सांगते, 'यकृत चकाकते आहे.' का चकाकते हे विचारणे आपले काम. आज फॅटी लिव्हर घरोघरी आहे, आणि म्हणूनच विल्सनला लपायला त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

जगभरच्या तज्ज्ञांनी हे कधीच ओळखले आहे. २००१ साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये विल्सनविषयक आंतरराष्ट्रीय बैठक झाली आणि तिथे निदानासाठी गुणांची पद्धत ठरली. डोळ्यांच्या पारपटलात तांबे साठून होणाऱ्या कायसर-फ्लायशर वलयाला गुण, सेरुलोप्लाझ्मिनला गुण, २४ तासांच्या लघवीतल्या तांब्याला गुण, यकृताच्या तुकड्यात मोजलेल्या तांब्याला गुण, विशिष्ट प्रकारच्या रक्तक्षयाला गुण, जनुकातल्या दोन्ही बिघाडांना सर्वांत जास्त म्हणजे चार. मेंदूच्या लक्षणांच्या रकान्यात मेंदूच्या एमआरआयलाही जागा आहे. एकूण चार किंवा अधिक गुण झाले की निदान पक्के. या यादीत यकृताच्या सोनोग्राफीला गुण नाहीत. सीटीला नाहीत, यकृताच्या एमआरआयलाही नाहीत. रोग मुख्यतः यकृताचा, आणि यकृताच्या चित्राला निदानात शून्य गुण, याचा अर्थ लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडेही यकृततज्ज्ञ, बालयकृततज्ज्ञ आणि हालचालींच्या विकारांचे तज्ज्ञ यांच्या तीन संघटनांनी मिळून २०१९ साली विल्सनची भारतीय मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मुंबईच्या डॉ. आभा नागराल तिच्या प्रमुख लेखिका. ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

तांबे आणि यकृत यांची एक गोष्ट तर आपल्या पुण्यातच घडलेली आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलांचे यकृत दगडासारखे टणक करून काही महिन्यांत त्यांना नेणारा 'इंडियन चाइल्डहुड सिरोसिस' हा आजार एके काळी महाराष्ट्रातल्या बालरुग्ण विभागांना चांगलाच परिचित होता. तो विल्सन नव्हे, सेरुलोप्लाझ्मिन त्यात कमी नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि त्यांच्याबरोबर ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतातले तांबे मोजले. ते अफाट निघाले. मग ते कुठून आले हे शोधत ते स्वयंपाकघरात पोचले. बाळांना वरचे दूध लवकर सुरू केलेले असे आणि ते पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेले असे. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पितळेची, कल्हई नसलेली भांडी दुधातून हटली, स्टील आले, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. या सगळ्या शोधात यकृताचे चित्र कुठे आले? कुठेच नाही. तुकडा, त्यावर तांबे हुडकणारा ऑर्सिनचा रंग, प्रयोगशाळेतला आकडा, आणि आईला विचारलेला साधा प्रश्न: दूध कशात तापवता? विल्सनमध्ये भांडी बदलून भागत नाही, दोष जनुकात असतो. पण तांबे सापडण्याची वाट दोन्हीकडे तीच आहे.

आता एवढे खंडन केल्यावर चित्रे मोडीत काढा असे मी म्हणतो आहे, असा कोणाचा ग्रह झाला असेल तर तो दूर करतो. निदानाचे ओझे खांद्यावरून उतरवले, की चित्रांची खरी किंमत दिसते.

निदान झाल्यावर पहिला प्रश्न असतो, यकृताची हानी कुठवर गेली आहे. सिरोसिस झाला आहे का, पाणथरी वाढली आहे का, प्रतिहारी शिरेतला दाब वाढला आहे का, जलोदर आहे का, हे सोनोग्राफी आणि डॉप्लर इतक्या सोप्या रीतीने दुसरे कोणी सांगत नाही. सिरोसिस झालेल्या रुग्णाच्या यकृतात कर्करोगाची गाठ होऊ शकते. विल्सनमध्ये ती इतर सिरोसिसपेक्षा कमी आढळते, पण आढळते, तेव्हा दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नये. औषध सुरू झाल्यावर यकृत सुधारते आहे का, हे पाहायला फायब्रोस्कॅनचे आकडे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी लावून पाहणे फार उपयोगाचे. तिथे एका आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा.

काही चित्रे तर संशय जागा करतात. तुर्कस्तानातल्या क्ष-किरणतज्ज्ञांनी विल्सनच्या सिरोसिसची काही वेगळी लक्षणे नोंदवली. इतर सिरोसिसमध्ये यकृताचा पुच्छखंड बहुधा फुगतो, विल्सनमध्ये तो अनेकदा नेहमीच्याच आकाराचा राहतो. यकृताभोवती चरबीचा एक पातळ थर दिसतो, जो सिरोसिसमध्ये सहसा अपेक्षित नसतो. आत लहानलहान काळ्या-पांढऱ्या गाठी मिसळलेल्या असतात. यातले काहीही निदान करत नाही, पण दारूला कधी न शिवलेल्या तरुणाच्या रिपोर्टमध्ये असे दिसले, तर रेडिओलॉजिस्टने शेवटच्या ओळीत 'विल्सन आजार वगळावा' असे लिहावे. तीन शब्दांनी एखाद्याचे आयुष्य बदलते. ज्या रेडिओलॉजिस्टांना ही सवय आहे, त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

तांबे खरोखर पाहणारे चित्रही एक आहे, आणि ते लपवून ठेवले तर माझे खंडन अप्रामाणिक ठरेल. तांब्याचा किरणोत्सारी भाऊबंद, तांबे-६४, याचा अर्धायुष्यकाल पावणेतेरा तासांच्या जवळपास असतो. तो अत्यल्प मात्रेत शिरेतून देऊन पेट स्कॅन केला, तर शरीरात तांबे कुठे जाते ते दिसते. डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या संशोधकांनी हे काम केले आहे. निरोगी माणसात यकृत तांबे उचलते आणि काही तासांत पित्ताशयात, आतड्यात सोडू लागते. विल्सनच्या रुग्णात यकृत ते उचलते आणि धरून ठेवते, पित्ताशय रिकामे राहते. आजाराचा गाभा त्या चित्रात स्वच्छ दिसतो. पण दुकानाच्या वहीत जशी आवक-जावक वेगळी आणि शिल्लक वेगळी, तसे हे आहे: हा स्कॅन आज दिलेल्या तांब्याची ये-जा दाखवतो, दहा वर्षांत साठलेले किती आहे ते सांगत नाही. औषधे कशी काम करतात हे तपासायला तो अनमोल आहे. दवाखान्यातल्या रोजच्या वापरापासून मात्र तो अजून दूर आहे.

यावर शेवटचा आक्षेप ठरलेला: तुमच्या रक्त-लघवीच्या तपासण्या तरी कुठे निर्दोष आहेत? नाहीतच. अंगात सूज असेल तर सेरुलोप्लाझ्मिन खोटेच नॉर्मल येते. कुपोषणात, आणि जनुकाची एकच प्रत सदोष असलेल्या निरोगी वाहकातही, ते कमी येऊ शकते. यकृताचा त्रास घेऊन आलेल्या रुग्णांपैकी जेमतेम निम्म्यांच्या डोळ्यांत वलय सापडते, लहान मुलांत त्याहून कमी. सिरोसिसच्या यकृतात तांबे सारखे पसरलेले नसते, सुई चुकीच्या जागी गेली तर आकडा कमी येतो. हे सारे मान्य. पण या तपासण्या निदान त्याच प्रश्नाचे उत्तर शोधतात जो आपल्याला पडला आहे. चार अपुरी उत्तरे एकमेकांना आधार देतात आणि लाइपझिगच्या पद्धतीचा पाया तोच आहे. सोनोग्राफी अचूक असली तरी ती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते.

आणि सुईची भीती? तिचेही उत्तर चित्रात नाही. वलय सापडले, सेरुलोप्लाझ्मिन फार कमी आले, लघवीत तांबे जास्त आले, किंवा जनुकातले दोन्ही बिघाड सापडले, तर बायॉप्सीशिवायच निदान होते. ज्यांना बायॉप्सी लागते त्यांच्यात ती नीट व्हावी. एक तुकडा सूक्ष्मदर्शकासाठी फॉर्मॅलिनमध्ये, आणि किमान एक सेंटिमीटरचा दुसरा तांबेविरहित प्लास्टिकच्या डबीत कोरडाच, तांबे मोजण्यासाठी. ही दुसरी डबी विसरली गेली, तर मुलाने सुई सोसली ती अर्धी वाया गेली. लघवीचेही तसेच. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्येच जमा करायची, घरातल्या कोणत्याही धातूच्या भांड्यात नाही. शाळेत गेलेल्या मुलाची एक खेप जरी कॅनबाहेर गेली, तरी आकडा खोटा येतो. हे पालकांना बसवून, नीट समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात. एमआरआयची चिठ्ठी अर्ध्या मिनिटात लिहून होते. चित्रांचा मोह वाढण्यामागे हेही एक कारण आहे, असे मला वाटते, आणि ते डॉक्टरांनीच दूर करायचे आहे.

डॉक्टरांना माझी विनंती एवढीच. तीन वर्षांवरच्या कोणत्याही मुलाचे किंवा तरुणाचे एसजीपीटी कारणाविना वाढलेले राहिले, यकृत चकाकते दिसले पण अंगावर चरबी नाही, किंवा सिरोसिस दिसला आणि कारण सापडत नाही, तर सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतले तांबे आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी केल्याशिवाय फाइल बंद करू नका. आणि ज्या घरात विल्सनचा एक रुग्ण सापडला आहे, त्या घरातल्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे: त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची रक्त, लघवी आणि शक्य असेल तर जनुकाची तपासणी याच महिन्यात करून घ्या. त्रास सुरू होण्याआधी आजार पकडला आणि औषध आयुष्यभर नेमाने घेतले, तर ते मूल सर्वांसारखे जगते. भावंडाची सोनोग्राफी नॉर्मल आली असली, तरी या तपासण्या कराच.